पदक उजव्या बाजूला

भारतीय लष्करात पदकं डाव्या छातीवर लावतात. ज्याने ती कमावली त्यानेच लावायची, दुसऱ्या कोणी नाही. याला एकच सवलत आहे. दिवंगत सैनिकाची पदकं त्याच्या जवळच्या नात्यातल्या माणसाला युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहताना किंवा स्मरणाच्या कार्यक्रमात लावता येतात. मात्र ती उजव्या बाजूला. पाहणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. हा पराक्रम या बाईंचा नाही, त्यांच्या यजमानांचा आहे. या आजोबांचा नाही, त्यांच्या लेकाचा आहे, हे बाजू पाहूनच कळतं. दुसऱ्याचं शौर्य अभिमानाने अंगावर वागवायला लष्कराची ना नाही. ते दुसऱ्याचं आहे, एवढं मात्र उघड दिसलं पाहिजे.

गेले काही महिने हा नियम माझ्या मनात घोळतो आहे, कारण डाव्या बाजूच्या एका पदकाचा प्रश्न माझ्यापर्यंत आला आहे.

मी निवृत्त शिक्षक, सातारा जिल्ह्यातला. सैन्यात कधी नव्हतो. पहिल्या महायुद्धापासून आजपर्यंत आमच्या तालुक्यातून सैन्यात गेलेली आणि परत न आलेली माणसं मी एका रजिस्टरमध्ये नोंदवत आलो आहे. नाव, गाव, पलटण, आर्मी नंबर, मृत्यूची तारीख, ठिकाण, कारण, मागे कोण राहिलं. त्यामुळे माजी सैनिक माझ्याकडे येऊन बसतात. असेच एक निवृत्त सुभेदार आले आणि त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. शेजारच्या गावातल्या शाळेचं झेंडावंदन, प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी सैनिक, छातीवर पदकांची रांग. त्यात ऑपरेशन विजय स्टार होता. १९९९ मध्ये कारगिलच्या प्रत्यक्ष रणक्षेत्रात जे तैनात होते, त्यांना हा स्टार मिळतो. त्या काळात पाठबळासाठी सज्ज केलेल्यांना मिळतं ते ऑपरेशन विजय मेडल वेगळं.

"सर, त्या साली हा आणि मी एकाच डेपोत होतो," सुभेदार म्हणाले. "तोफांचा दारूगोळा ट्रकवर चढवत होतो. टायगर हिल आम्ही दोघांनी शेजारी बसून टीव्हीवर बघितली. आता हा पोरांना सांगतोय, मी वर चढलो होतो. सोबती माझ्या मांडीवर गेला म्हणतोय. ह्याला उघडा पाडा."

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कारगिलमध्ये मुलगा गमावलेल्या एक आई त्या कार्यक्रमाला होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी या माणसाला गाठून विचारलं, माझ्या पोराला तुम्ही पाहिलं होतं का? तो म्हणाला, हो आई, पाहिलं होतं, शेवटपर्यंत हसत होता.

मला संताप आला. तो इतका स्वच्छ आणि हवाहवासा वाटला की त्याच्याकडे नीट निरखून पाहणं मला भाग पडलं. स्वतःला इतका निर्दोष वाटायला लावणाऱ्या रागावर माणसाने चटकन विश्वास ठेवू नये.

त्या रागाचे धागे मी सोडवून पाहिले. एक धागा मेलेल्यांसाठी होता. सरकारी आकड्यानुसार कारगिलमध्ये ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले. टायगर हिलच्या गोष्टीत जो कोणी खोटेपणाने घुसतो, तो तिथे खरोखर चढलेल्या कोणाला तरी बाजूला सारतो. मांडीवर प्राण सोडणारा सोबती त्याने मनानेच निर्माण केला असेल, तर खऱ्या मृत्यूंच्या रांगेत त्याने एक बनावट मृत्यू उभा केला. दुसरा धागा त्या आईसाठी होता. हे दोन्ही खरे होते.

तिसरा धागा मात्र माझ्या स्वतःसाठी होता. ज्याने कधी खांद्यावर बंदूक घेतली नाही, ज्याच्या घरी कधी तार आली नाही, अशा माणसाला खोटा सैनिक पकडला की क्षणभर खऱ्या सैनिकांच्या बाजूला उभं राहायला मिळतं. काहीही पणाला न लावता आपण लष्कराच्या अब्रूचे रखवालदार ठरतो. गावात नाव होतं, चार माणसं पाठ थोपटतात. पकडणाऱ्याच्याही छातीवर अशा वेळी एक पदक चढतं, आणि ते डाव्या बाजूला चढतं. त्या माणसाला मी ज्या गोष्टीबद्दल दोष देतो आहे, तीच गोष्ट माझ्या हातून घडू शकते. फरक इतकाच की मला कोणी पकडणार नाही.

हा प्रश्न अमेरिकेत फार पुढे गेलेला आहे. व्हिएतनाममध्ये सेवा केलेले बी. जी. बर्केट टेक्सासमध्ये तिथल्या सैनिकांच्या स्मारकासाठी पैसे उभारत होते. व्हिएतनामहून आलेला सैनिक म्हणजे वाया गेलेला, व्यसनी माणूस, हे चित्र त्यांना जिथे तिथे भेटू लागलं. त्याचा माग काढताना त्यांनी सरकारी सेवापत्रकं मागवली, तेव्हा दिसलं की स्वतःला व्हिएतनामचे योद्धे म्हणवणारे कितीतरी जण तिकडे गेलेच नव्हते. १९९८ मध्ये आलेल्या त्यांच्या 'स्टोलन व्हॅलर' या पुस्तकाचंच नाव पुढे २००५ च्या कायद्याला मिळालं. न मिळालेल्या लष्करी पदकाचा दावा करणं त्या कायद्याने गुन्हा ठरवलं. कॅलिफोर्नियातल्या एका जलमंडळाचे सदस्य झेवियर अल्वारेझ यांनी २००७ मध्ये सभेत सांगितलं की आपण निवृत्त मरीन आहोत आणि आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं आहे. दोन्ही खोटं होतं. तरीही २८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. निकालाचा मुख्य मजकूर लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचं म्हणणं असं की खोट्या बोलण्यावरचा उपाय खरं बोलणं हा आहे, आणि खऱ्या मानकऱ्यांची यादी सरकार सर्वांसाठी खुली करू शकतं. पुढच्या वर्षी नवा कायदा आला. पैसा, मालमत्ता किंवा तसाच ठोस लाभ उकळण्यासाठी असा दावा केला तर तेवढा तो गुन्हा ठरतो.

बर्केट यांच्या कामातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुरुवात स्मारकापासून झाली होती. आधी मेलेल्यांची आठवण, मग खोट्यांचा शोध. हा क्रम उलटला की काय होतं तेही तिकडे दिसलं. गणवेशातल्या अनोळखी माणसाला बाजारात अडवायचं, कॅमेरा रोखून उलटतपासणी घ्यायची, हा काहींचा छंदच झाला. त्यात खरे माजी सैनिकही भरडले गेले.

ॲडमिरल जेरेमी बूर्डा यांची हकिगत तर माझ्या मनातून जात नाही. साधे खलाशी म्हणून भरती होऊन अमेरिकेच्या नौदलप्रमुखपदापर्यंत पोचलेले ते पहिले. व्हिएतनामच्या काळातल्या दोन पदकांवर ते प्रत्यक्ष लढाईची खूण असलेलं 'व्ही' अक्षर लावत. तो अधिकार आपल्याला आहे का, अशी शंका निघाल्यावर त्यांनी ते लावणं बंदही केलं होतं. १६ मे १९९६ रोजी एका साप्ताहिकाचे पत्रकार याच विषयावर त्यांना भेटायला येणार होते. ते येण्यापूर्वीच बूर्डांनी आपलं जीवन संपवलं. त्यांना अधिकार होता की नाही, यावर पुढेही दुमत राहिलं. पत्रकारांनी प्रश्न विचारणं गैर होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा सगळा जन्म मानावर उभा आहे, त्याच्या मानाला हात घालताना आपल्या हातात काय आहे याची पुरती जाणीव हवी. फोटो पाहताक्षणी मला ती होती का? नव्हती. तेव्हा माझ्या मनात फक्त बातमी तयार होत होती.

आपल्याकडे कायदा आहे. सैनिक नसताना, तसा समज व्हावा म्हणून सैनिकाचा गणवेश किंवा खूण वापरली, तर पूर्वी भारतीय दंडविधानाचं १४० वं कलम लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १६८ वं कलम लागतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोतयाने शासकीय सवलत लाटली, तर फसवणुकीची कलमं वेगळी. पण आमच्या समोरचा माणूस तोतया नाही. त्याने खरोखर नोकरी केली आहे. त्याचं डिस्चार्ज बुक खरं आहे, पेन्शनची ऑर्डर खरी आहे, दीर्घ सेवेची पदकं खरी आहेत. त्या रांगेत खोटा आहे तो एक स्टार, आणि त्यामागची गोष्ट.

मग खऱ्या पदकांवर त्याचं भागलं का नाही?

याचं उत्तर शोधू लागलो की बोट आमच्याकडे वळतं. आमच्या भागात निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येक जवानाला लोक 'मेजर' म्हणतात. आणि त्या मेजरला पहिला प्रश्न असतो, बॉर्डरवर होता का? दुसरा असतो, किती मारले? डेपोत होतो, वर्कशॉपमध्ये होतो, लंगरवर होतो असं कोणी सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. शाळा पाहुणा म्हणून त्याला बोलवत नाही. मी स्वतः शाळेत होतो, पाहुणे ठरवण्याच्या बैठकांना बसलो आहे. लढलेला माणूस आहे का, हीच तिथली कसोटी असे. खोटं त्या माणसाने सांगितलं, त्याची जबाबदारी त्याचीच. पण तसल्या गोष्टीला गिऱ्हाईक आम्ही होतो.

कारगिलच्या लढाईत आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेटं डागली असं सांगितलं जातं. त्यातला एकही गोळा आपल्या पायांनी द्रासला गेला नाही. तो कोणीतरी मोजला, उचलला, ट्रकवर चढवला. दारूगोळ्याच्या जागी काम करणं म्हणजे काय, हे ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली तेव्हा महाराष्ट्राने पाहिलं. त्या आगीत लष्करी अधिकारी गेले, जवान गेले, आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी गेले. आणि आमच्याच साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना कामी आले, तेव्हा त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी लष्करात जायचं ठरवलं. चेन्नईच्या अकादमीत खडतर प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या अधिकारी झाल्या. पतीची पदकं उजव्या बाजूला लावण्याचा हक्क त्यांना होताच. त्यांनी डावी बाजूही स्वतःच्या कष्टाने मिळवली. त्या ज्या दलात गेल्या ते आर्मी ऑर्डनन्स कोअर, म्हणजे तोफांना गोळा आणि जवानाला सामान पुरवणारं दल. ज्या कामाची आमच्या त्या माजी सैनिकाला लाज वाटली, ते काम हे आहे.

हाच उणेपणा आम्ही मेलेल्यांवरही लादतो, हे रजिस्टर चाळताना जास्त टोचतं. लष्कराच्या कागदांत बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे प्रकार असतात. कुटुंबाला काय मिळणार हे त्यावर बरंच ठरतं, म्हणून ते लागतात. पण गावानेही ते उचलले आहेत. सियाचीनवर शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, उंचीने आणि हिमस्खलनाने जास्त माणसं नेली. कोणी घाटात गाडी कोसळून गेला, कोणी उंचीवर हृदय बंद पडून गेला. त्यांच्या आईवडिलांना लोक हळूच विचारतात, लढताना गेला का? मग एखादा नातलग नाइलाजाने गोष्ट रंगवतो, पुढारी भाषणात ती आणखी फुगवतो, आणि फ्लेक्सवर न झालेली चकमक छापली जाते. मेलेल्याच्या नावावर आपण खोटा दावा लावतो आणि त्यालाच आदरांजली म्हणतो. तो जसा गेला तसं जाणं आपल्याला पुरेसं वाटलं नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून माझ्या रजिस्टरमधला 'कारण' हा रकाना मला सर्वांत जबाबदारीचा वाटतो. तिथे हिमस्खलन असेल तर हिमस्खलनच लिहायचं, आणि त्या माणसाचं नाव इतरांइतक्याच ठळक अक्षरात लिहायचं.

नोंद हीच आदरांजली आहे, हे मला बसऱ्याच्या स्मारकाने शिकवलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठ्यांच्या पलटणी लढल्या. कुत-अल-अमाराचा वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत चालला, त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी पुढे बसऱ्याला स्मारक झालं. ब्रिटिश अधिकारी आणि शिपाई यांची नावं तिथे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या एप्रिल २०२१ च्या अहवालाने ही विषमता उघडपणे मान्य केली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण कामी आले. त्या गावाने आपल्या माणसांची आठवण शंभर वर्षं धरून ठेवली आहे, आणि आजही तिथल्या घराघरातून पोरं भरती होतात. साम्राज्याने आकडा लिहिला तिथे गावाने माणसं लक्षात ठेवली. आता दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ पासून राष्ट्रीय समर स्मारक आहे आणि त्याच्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांचं एकेक नाव ग्रॅनाइटवर कोरलेलं आहे.

नोंद किती काळजीने करायला हवी, हे खुद्द टायगर हिलही सांगतं. ग्रेनेडिअर योगेंद्रसिंह यादव यांना परमवीरचक्र आधी मरणोत्तर जाहीर झालं होतं. ते तर जखमी अवस्थेत रुग्णालयात होते. त्याच नावाचा दुसरा जवान कामी आला होता. एका नावाखाली दोन माणसं, दोघंही शूर, आणि एक जण जिवंत. इतक्या गाजलेल्या लढाईतही कोण कोणता हे तपासावं लागलं.

इथे मला माझं म्हणणं सापडतं. शहिदांचा सन्मान आणि खोट्या दाव्याचा पर्दाफाश ही वेगवेगळी कामं नाहीत. नोंद खरी राखणं हे एकच काम आहे. कोण कुठे होता, कोण कसा गेला, हे गावाला प्रेमाने आणि नेमकेपणाने माहीत असेल, तर खोट्या गोष्टीला उभं राहायला जागाच मिळत नाही. मेलेल्यांची नावंही ज्याला धड ठाऊक नाहीत, त्याने तोतये पकडत फिरणं ही निव्वळ शिकार आहे.

आता प्रश्न उरतो त्या आईंचा. "शेवटपर्यंत हसत होता" या वाक्यावर त्या आज जगत असतील. ते काढून घेण्याचा मला काय अधिकार? या प्रश्नाने मला फार अडवलं. खोटं असलं तरी राहू द्यावं, असंही वाटलं. पण त्या दिलाशाची दोरी एका अशा माणसाच्या हातात आहे, जो तिथे नव्हता. उद्या ही गोष्ट चावडीवर फुटली, तर त्या आईंना मुलगा दुसऱ्यांदा गमवावा लागेल, तोही लोकांदेखत. त्यांना खरं कळण्याचा हक्क आहे, आणि ते सांगण्याचा हक्क आहे त्यांच्या मुलाच्या पलटणीतल्या कोणाचा तरी. म्हणून सर्वांत आधी मी त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला आणि तिथल्या माजी सैनिकांना पत्रं लिहायला घेतली आहेत. त्या दिवशी जो खरोखर जवळ होता, असा एखादा माणूस मिळाला तर त्याने येऊन त्या माउलीजवळ बसावं. तो जे सांगेल ते कदाचित कमी गोड असेल, पण ते त्यांच्या मुलाचं असेल.

मग मी त्या माजी सैनिकाकडे जाईन. सुभेदार साहेबांना घेऊन, दिवसाढवळ्या, त्याच्या घरी. मोबाईल बाहेर काढणार नाही, चौथ्या माणसाला सांगणार नाही. स्टार उतरवा, असं स्पष्ट सांगेन. त्या आईंच्या पायाशी बसून खरं बोलायची जबाबदारी तुमची आहे, हेही सांगेन. आणि तुमची खरी नोकरी आम्ही कधी विचारली नाही, ती आता सांगा, अशी विनंती करेन. तो तयार झाला, तर येत्या २६ जुलैला, कारगिल विजय दिवशी, शाळेने त्यालाच बोलवावं असं मी हेडमास्तरांना सुचवणार आहे. दारूगोळ्याची पेटी किती जड असते, ती हाताळताना कुठली चूक जिवावर बेतते, त्या उन्हाळ्यात डेपोत रात्रंदिवस कसं काम चाललं, हे मुलांनी ऐकावं. त्यांच्यातले बरेच जण उद्या भरतीला जातील आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला टायगर हिल येणार नाही. आपलं काम सांगताना मान खाली घालावी लागत नाही, हे त्यांना आत्ताच कळलेलं बरं.

तो तयार झाला नाही, तर मी मागे हटणार नाही. दया आणि भीड यांत मला घोटाळा करायचा नाही. सुभेदार साहेबांचं निवेदन, त्या सालच्या नेमणुकीचा पुरावा आणि कार्यक्रमाचा फोटो जोडून मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लेखी तक्रार देईन आणि शाळांनाही कळवीन. तक्रारीत जेवढं सिद्ध होतं तेवढंच असेल. त्याची खरी वर्षं, खरी पदकं यांचाही त्यात उल्लेख असेल, कारण नोंद खरी ठेवायची तर ती त्याचीही खरी ठेवली पाहिजे. निनावी पत्र मी टाकणार नाही. खाली माझं नाव, माझा पत्ता आणि माझी सही असेल. हुद्द्याच्या जागी लिहीन, निवृत्त शिक्षक, सैन्यात सेवा नाही.